साक्षीदार आपल्या देशात, कायदा मात्र नाही
केंद्रीय विधी व न्यायमंत्री आणि गृहमंत्री यांना खुले पत्र

महोदय,

26 फेब्रुवारी 2011 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत भारताच्या प्रतिनिधीने ठराव क्रमांक 1970 च्या बाजूने हात वर केला. लिबियात निदर्शकांवर चाललेल्या हल्ल्यांचे प्रकरण द हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे सोपवणारा हा ठराव एकमताने मंजूर झाला. जे देश या न्यायालयाचे सदस्य नाहीत त्यांच्यावर कायदेशीर बंधन नाही, हे ठरावात स्पष्ट म्हटले होते. पण त्याच परिच्छेदात सर्वच देशांनी न्यायालयाला पूर्ण सहकार्य करावे, असे आवाहनही होते. ते आवाहन जगाला करणाऱ्या पंधरा देशांत आपण होतो.

त्याच दिवसांत लिबियात हजारो भारतीय अडकले होते. ‘ऑपरेशन सेफ होमकमिंग’मधून सरकारने पंधरा हजारांहून अधिक जणांना सुखरूप परत आणले. काहींना बेनगाझीहून जहाजाने अलेक्झांड्रियाला नेले, काही थेट विमानाने आले. त्यांत बांधकाम मजूर होते, तेल कंपन्यांतले तंत्रज्ञ होते, इस्पितळांत काम करणाऱ्या परिचारिका होत्या. रस्त्यांवर काय घडले, इस्पितळात जखमी कोणत्या अवस्थेत आले, हे ज्यांनी पाहिले असेल अशी माणसे दिल्ली-मुंबईच्या विमानतळांवर उतरली आणि आपापल्या गावी गेली.

आता समजा, द हेगच्या तपास अधिकाऱ्यांना यांतल्या एखाद्या परिचारिकेचा जबाब हवा होता. तोही साधा नव्हे, शपथेवरचा, दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदलेला, पुढे आरोपीच्या वकिलाला उलटतपासणी घेता येईल असा. भारतातल्या कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली तो नोंदवला गेला असता? मी महाराष्ट्रात जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो. या प्रश्नाचे निःसंदिग्ध उत्तर मला आपल्या कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

हे न्यायालय कसे चालते ते वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. त्याच्याकडे स्वतःचे पोलीस नाहीत. झडती घ्यायची, बँकेचे उतारे मिळवायचे, साक्षीदाराला समन्स बजावायचे, पुरलेली प्रेते उकरून तपासायची, यातले काहीही ते स्वतःच्या अधिकारात कोणाच्या घरात शिरून करू शकत नाही. ते विनंती करते आणि ज्या देशात पुरावा आहे त्या देशाने आपल्या कायद्याने तो गोळा करून द्यायचा असतो. या न्यायालयाची स्थापना करणाऱ्या रोम कराराचे कलम 88 म्हणूनच सदस्य देशांना बजावते की, सहकार्याच्या प्रत्येक प्रकारासाठी तुमच्या देशांतर्गत कायद्यात कार्यपद्धती असलीच पाहिजे. ब्रिटनने 2001 साली आणि दक्षिण आफ्रिकेने 2002 साली त्यासाठी स्वतंत्र कायदे केले. खटला द हेगमध्ये चालतो, पण त्याचा पाया कुठल्या तरी देशातल्या ठाण्यात, दप्तरखान्यात आणि दंडाधिकाऱ्यांच्या दालनात घातला जातो.

हा पाया ढासळला की काय होते, ते केनियाने दाखवले. डिसेंबर 2007 च्या निवडणुकीनंतर तिथे उसळलेल्या हिंसाचारात अकराशेहून अधिक माणसे मेली. उहुरू केन्याटा यांच्यावर त्या संदर्भात द हेगच्या न्यायालयात आरोप ठेवले गेले आणि खटला उभा राहण्याआधीच ते देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. अभियोक्त्यांनी केनिया सरकारकडे आठ प्रकारच्या नोंदी मागितल्या: कंपन्या, जमिनी, प्राप्तिकर, वाहने, बँक खाती, परकीय चलनाचे व्यवहार, दूरध्वनी आणि गुप्तवार्ता. केनिया सदस्य देश होता. त्याने 2008 सालीच सहकार्याचा कायदाही केला होता. तरी महिनोन्महिने पत्रव्यवहार चालला. माहिती पुरेशी नेमकी मागितलेली नाही, अमुक नोंदीसाठी आमच्या न्यायालयाचा आदेश लागेल, अशी उत्तरे येत राहिली. दरम्यान साक्षीदार मागे फिरले. 5 डिसेंबर 2014 रोजी अभियोक्त्यांनी आरोप मागे घेतले. केन्याटा यांच्यावरचा आरोप सिद्ध झाला नाही, तेव्हा त्यांना दोषी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण मारल्या गेलेल्यांच्या नातेवाइकांना खरे काय ते कधी कळलेच नाही आणि आरोपीलाही निर्दोषत्वाचा निकाल मिळाला नाही. कायदा कागदावर असून भागत नाही. विनंती आल्यावर ती कोणाच्या टेबलावर जाईल, किती दिवसांत उत्तर द्यावे लागेल आणि नकार देणाऱ्याला कोणासमोर कारण सांगावे लागेल, हे त्यात लिहिलेले असावे लागते. आपला कायदा करताना केनियाचा हा अनुभव डोळ्यांसमोर ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

उलट बाजूही सांगतो. 2010 साली सर्बियाच्या पोलिसांनी, सर्बियाच्याच कायद्यानुसार, बेलग्रेडमध्ये बोस्निया युद्धातला सर्ब सेनापती रात्को म्लादिच याच्या कुटुंबाच्या घराची झडती घेतली. म्लादिच तेव्हा फरारी होता. झडतीत त्याच्या हस्ताक्षरातल्या 18 वह्या मिळाल्या. युद्धाच्या वर्षांतल्या बैठका, कोण हजर होते, कोण काय बोलले, याच्या त्या नोंदी होत्या. त्या तिथल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाकडे गेल्या, अनेक खटल्यांत वापरल्या गेल्या आणि शेवटी म्लादिचच्या स्वतःच्या खटल्यातही. 2017 साली त्याला जन्मठेप झाली. कोणत्याही आंतरराष्ट्रीय अधिकाऱ्याला त्या घराचे दार उघडता आले नसते.

फौजदारी वकील म्हणून मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो तिहोमिर ब्लाश्किच या क्रोएट सेनाधिकाऱ्याचा खटला. एप्रिल 1993 मध्ये मध्य बोस्नियातल्या अहमिची या गावात शंभरावर मुस्लीम गावकरी मारले गेले. त्या भागातल्या क्रोएट सैन्याचा अधिकारी म्हणून ब्लाश्किचवर खटला चालला. न्यायाधिकरणाने क्रोएशियाकडे कागदपत्रे मागितली आणि क्रोएशियाने ती देण्यास विरोध केला. 1997 साली अपील पीठाने त्यावर निर्णय दिला: देशावर समन्स बजावता येत नाही, पण कागदपत्रे देण्याचा बंधनकारक आदेश देता येतो. तरीही दप्तरखाने लवकर उघडले नाहीत. मार्च 2000 मध्ये ब्लाश्किचला 45 वर्षांची शिक्षा झाली. पुढे क्रोएशियात सत्ता बदलली, झाग्रेबमधली कपाटे उघडली आणि आधी कधीच समोर न आलेले कागद बाहेर आले. जुलै 2004 मध्ये अपील पीठाने नवा पुरावा पाहून अहमिचीच्या हत्याकांडासह बहुतेक आरोपांतून त्याला मुक्त केले आणि शिक्षा 9 वर्षांवर आणली.

महोदय, या निकालाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा ही विनंती. पुरावा रोखला गेला तेव्हा त्याची झळ एका आरोपीला बसली. ज्या गुन्ह्याची जबाबदारी अपिलात टिकली नाही, त्यासाठी तो माणूस कोठडीत राहिला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाला पुरावा देणे म्हणजे कोणाला तरी फासावर चढवायला हातभार लावणे, असा समज आपल्याकडे आहे. तो चुकीचा आहे. पुरावा दोन्ही बाजूंचा असतो.

आता आपल्या कायद्याकडे येतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 113 परदेशातून येणाऱ्या विनंतीपत्रांविषयी आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 1990 साली घातलेले 166-ब हे कलम जवळपास तसेच इथे आले आहे. भारताबाहेरच्या एखाद्या देशातील किंवा स्थळातील न्यायालयाने वा प्राधिकरणाने, त्या देशात किंवा स्थळी तपास चालू असलेल्या गुन्ह्यासंबंधी विनंतीपत्र पाठवले, तर केंद्र सरकार योग्य वाटल्यास ते मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे किंवा पोलिसांकडे पाठवते. आता या भाषेत द हेगचे न्यायालय बसवून पाहा. ते नेदरलँड्समध्ये आहे, पण नेदरलँड्सचे नाही. ज्या गुन्ह्याचा तपास आहे तो दारफुरमध्ये किंवा म्यानमारमध्ये घडलेला असतो. कोणी उदार अर्थ लावून म्हणेल की चालून जाईल. बचाव पक्षाचा कोणताही कसलेला वकील पहिल्याच तारखेला उभा राहून म्हणेल की चालणार नाही. त्याच्या म्हणण्यात दम आहे. परस्पर सहकार्याच्या प्रकरणात तर ‘करारबद्ध राज्य’ या संज्ञेची व्याख्याच दुसऱ्या देशाच्या सरकारशी केलेल्या व्यवस्थेवर उभी आहे. न्यायालयाला सरकार नसते.

आपल्याकडे आणखी एक जुना कायदा आहे, ज्याची आठवण फार थोड्यांना असते: संयुक्त राष्ट्रे (सुरक्षा परिषद) अधिनियम, 1947. सनदेच्या कलम 41 खालील सुरक्षा परिषदेचे निर्णय अमलात आणण्यासाठी केंद्र सरकार राजपत्रात आदेश काढू शकते, असे तो सांगतो. दहशतवाद्यांची मालमत्ता गोठवण्यासाठी तो आपण वापरला आहे. युगोस्लाव्हिया आणि रवांडाची न्यायाधिकरणे सुरक्षा परिषदेनेच स्थापली होती. त्यांचे उरलेले काम पाहणारी यंत्रणा आजही द हेग आणि अरुशा इथे आहे आणि तिला सहकार्य करणे आपल्यावर बंधनकारक आहे. म्हणजे निदान तिच्यासाठी नवा कायदाही लागत नाही, एक आदेश पुरतो. द हेगच्या कायम न्यायालयासाठी मात्र हा मार्ग पुरा पडत नाही, कारण तिथे सुरक्षा परिषदेने आपल्याला आवाहन केले आहे, आज्ञा नाही. तिथे संसदेलाच काम करावे लागेल.

इथे ‘भारत सदस्य नाही’ हा आक्षेप येणार. 17 जुलै 1998 रोजी रोममध्ये या न्यायालयाच्या करारावर 120 देशांनी बाजूने, 7 देशांनी विरोधात मतदान केले आणि 21 तटस्थ राहिले. तटस्थांत आपण होतो. सुरक्षा परिषदेला दिलेला प्रकरणे सोपवण्याचा अधिकार, अभियोक्त्याला स्वतःहून तपास सुरू करण्याची मुभा, देशांतर्गत संघर्षांचा समावेश आणि अण्वस्त्रांचा वापर गुन्हा ठरवण्यास झालेला नकार, हे आपले आक्षेप होते. त्यांतले काही आजही विचार करण्याजोगे आहेत. सदस्य व्हावे की होऊ नये, हा वाद मी या पत्रात मुद्दाम आणत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की पुरावा देण्यासाठी सदस्य असावे लागत नाही. रोम कराराचे कलम 87 बिगरसदस्य देशाशी त्या-त्या प्रकरणापुरती व्यवस्था करण्याची सोय देते. कलम 93 नुसार बिगरसदस्य देशही आपल्या तपासासाठी न्यायालयाकडे मदत मागू शकतो. राष्ट्रीय सुरक्षेच्या कागदांसाठी कलम 72 मध्ये वेगळी तजवीज आहे. शिवाय आपली राज्यघटना, कलम 253 मध्ये, आंतरराष्ट्रीय करारांची अंमलबजावणी करण्यासाठी कायदा करण्याचा पूर्ण अधिकार संसदेला देते.

अमेरिकेचे उदाहरण पाहावे. या न्यायालयाला तिच्याइतका टोकाचा विरोध क्वचितच कोणी केला असेल. 2002 च्या तिच्या कायद्याने सहकार्यावर बंदी घातली, आणि 2025 मध्ये न्यायालयाशी संबंधित व्यक्तींवर निर्बंध लादणारा अध्यक्षीय आदेश निघाला. तरीही त्याच 2002 च्या कायद्यात परदेशी आरोपींविरुद्धच्या न्यायप्रक्रियेला मदत करण्याची वाट ठेवली होती आणि डिसेंबर 2022 मध्ये तिथल्या संसदेने युक्रेनच्या तपासापुरती ती अधिक रुंद केली. हे धोरण निवडक आहे आणि मला ते पटत नाही. स्वतःच्या सोयीनुसार न्यायाला मदत करणे हा आदर्श होऊ शकत नाही. पण सदस्यत्व आणि पुरावा या दोन गोष्टी कायद्यात वेगळ्या करता येतात, एवढे त्यावरून सिद्ध होते.

आणि आपण तरी या न्यायालयाविषयी कधी काही लिहून दिलेच नाही, असे कुठे आहे? 26 डिसेंबर 2002 रोजी भारत आणि अमेरिकेने करार केला की एकमेकांचे नागरिक परस्परांच्या संमतीशिवाय या न्यायालयाच्या हवाली करायचे नाहीत. माणूस न देण्याचा करार तेव्हाच झाला. पुरावा देण्याची एक ओळ मात्र अजून लिहिली गेलेली नाही.

दुसरा आक्षेप आपल्या सैनिकांचा. परदेशी न्यायालयापुढे आपले जवान का उभे करायचे, असे विचारले जाते. मी उलट विचारतो. मे 2000 मध्ये सिएरा लिओनमध्ये बंडखोरांनी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांवर हल्ले केले, शेकडोंना ओलीस धरले. कैलाहुन इथे दोनशेहून अधिक भारतीय जवान वेढ्यात अडकले होते. जुलैमध्ये ‘ऑपरेशन खुकरी’ करून आपल्या सैन्याने त्यांना सोडवले. पुढे फेब्रुवारी 2009 मध्ये सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयाने शांतिसैनिकांवरचे हल्ले हा आंतरराष्ट्रीय गुन्हा मानून त्या बंडखोर नेत्यांना दोषी ठरवले. जगात असे पहिल्यांदा घडले. शांतिसेनेच्या कामात आजवर सुमारे 180 भारतीयांनी प्राण दिले आहेत. अशा खटल्यांत आपला जवान आरोपी म्हणून नव्हे, साक्षीदार आणि पीडित म्हणून उभा राहतो. काँगोत, दक्षिण सुदानमध्ये गावे जळताना पाहिलेले अधिकारी निवृत्त होऊन पुण्यात, बेळगावात, डेहराडूनमध्ये राहतात. त्यांच्या साक्षीला कायद्याचा आधार द्यायचा की त्यांचे वय होऊन आठवण पुसट होण्याची वाट पाहायची?

आणि परदेशातला पुरावा वेळेवर, योग्य पद्धतीने मिळण्याची किंमत मुंबईला शिकवावी लागत नाही. 26/11 च्या खटल्यात अमेरिकेच्या तपास यंत्रणेचे तज्ज्ञ इथे येऊन साक्ष देऊन गेले. फेब्रुवारी 2016 मध्ये त्या हल्ल्याच्या कटात सामील असलेल्या डेव्हिड हेडलीची साक्ष अमेरिकेतून दृक्‌श्राव्य पद्धतीने मुंबईच्या विशेष न्यायालयाने नोंदवली, कारण 2003 साली मुंबईच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा साक्षीला मान्यता देऊन ठेवली होती. पण याच प्रकरणात पद्धत चुकल्यावर काय होते तेही आपण पाहिले. मार्च 2012 मध्ये पाकिस्तानचा न्यायिक आयोग मुंबईत आला, दंडाधिकारी, तपास अधिकारी आणि डॉक्टरांचे जबाब घेऊन गेला. ठरलेल्या अटींत उलटतपासणी नव्हती. तेवढ्या कारणावरून रावळपिंडीच्या न्यायालयाने ते सारे काम अग्राह्य ठरवले. सप्टेंबर 2013 मध्ये दुसरा आयोग आला, तेव्हा उलटतपासणी झाली. साक्षीदार तेच, सत्य तेच, तरी दीड वर्ष फुकट गेले. पद्धत आधी कायद्यात लिहिलेली नसेल तर खरी साक्षसुद्धा बाद होते.

म्हणून माझी मागणी आहे ती एका छोट्या, नेमक्या कायद्याची, किंवा नागरिक सुरक्षा संहितेतल्या एका नव्या प्रकरणाची. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालये आणि संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या तपास यंत्रणा यांना त्यात नावानिशी स्थान द्यावे. विनंती गृह मंत्रालयाकडे यावी, पण ‘योग्य वाटल्यास’ या शब्दांवर ती अडकू नये. ठरावीक मुदतीत ती उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसमोर जावी आणि सरकारला नकार द्यायचा असेल तर कारणे लेखी द्यावीत. राष्ट्रीय सुरक्षेचे कारण असेल तर न्यायाधीशांनी ते बंद दालनात पाहावे. ज्याचा जबाब घ्यायचा त्याला वकील मिळावा, त्याच्या भाषेत दुभाषा मिळावा आणि घटनेच्या कलम 20(3) चे संरक्षण, म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नसणे, पूर्णपणे लागू राहावे. बचाव पक्षालाही याच मार्गाने भारतातला पुरावा मागता यावा. ब्लाश्किचच्या खटल्यानंतर याबद्दल शंका उरू नये. मुंबईतल्या बँका, जहाज कंपन्या, दूरसंचार कंपन्या यांच्याकडचा डेटा ठरावीक काळाने पुसला जातो, तेव्हा विनंतीचा निर्णय होईपर्यंत तो जपून ठेवण्याचा तातडीचा आदेश देता यावा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र नसले तर काय होते, ते जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने शिकवले आहेच. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 ची कसोटी इथेही लावावी, म्हणजे द हेगला गेलेला कागद कोणी खोटा म्हणणार नाही.

गुप्ततेबद्दलही स्पष्ट नियम हवा. थॉमस लुबांगा हा द हेगच्या न्यायालयात खटला चाललेला पहिला आरोपी. त्याचा खटला जून 2008 मध्ये थांबवावा लागला, कारण गुप्ततेच्या अटीवर मिळालेली सुमारे दोनशे कागदपत्रे अभियोक्ते बचाव पक्षाला दाखवू शकत नव्हते. आपण जो पुरावा देऊ तो आरोपीला दाखवता येईल, हे देतानाच ठरलेले असावे. साक्षीदाराच्या जिवाला धोका असेल तर त्याची ओळख झाकण्याची सोय त्यात असावी. भारतात आसरा घेतलेल्या रोहिंग्या निर्वासितांसारख्या साक्षीदारांना तिची सर्वांत जास्त गरज लागेल. 14 नोव्हेंबर 2019 रोजी त्यांच्या म्यानमारमधून झालेल्या हद्दपारीचा तपास या न्यायालयाने मंजूर केला. त्यांना या देशात ठेवावे की नाही यावर मतभेद असतील. पण त्यांनी पाहिले ते शपथेवर नोंदवून घेण्याआधीच त्यांना परत पाठवले गेले, तर साक्ष कायमची जाते.

एक गोष्ट जाता जाता. भारताने वंशसंहारविरोधी करार 1959 साली स्वीकारला, पण आपल्या फौजदारी कायद्यात वंशसंहार हा स्वतंत्र गुन्हा आजही नाही. 1984 च्या शीखविरोधी हत्याकांडाच्या प्रकरणात निकाल देताना दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये ही उणीव बोलून दाखवली होती. ती भरून काढण्याची संधी 2023 मध्ये तिन्ही नवे फौजदारी कायदे करताना होती. ती गेली. तो विषय मोठा आहे आणि त्याला वेळ लागेल हे मला कळते. पुराव्याचा कायदा मात्र लहान आहे. त्यासाठी ना सदस्यत्वाचा निर्णय लागतो, ना घटनादुरुस्ती.

महाराष्ट्र आणि गोव्याच्या खासदारांनाही माझी विनंती आहे की हा प्रश्न त्यांनी सभागृहात विचारावा: 2011 साली आपण जगाला जे सहकार्य करायला सांगितले, ते आपल्या देशात कोणत्या कलमाखाली होते?

मंत्रिमहोदय, युगोस्लाव्हिया आणि रवांडा न्यायाधिकरणांचे उरलेले काम पाहणाऱ्या यंत्रणेसाठी 1947 च्या कायद्याखालचा आदेश आपण या महिन्यातही काढू शकता. तो काढावा. आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयांना पुरावा देण्याच्या विधेयकाचा मसुदा संसदेच्या येत्या अधिवेशनाआधी जनतेच्या सूचनांसाठी प्रसिद्ध करावा, ही आग्रहाची विनंती.

कळावे,
आपला नम्र,
जिल्हा न्यायालयातील एक फौजदारी वकील